कडुलिंबाखालची मोजणी

१८ नोव्हेंबर
इंदूर

चि. यशोधन,

पाकिटावरचं अक्षर बघून तू घाबरला असशील. मी जिवंत आहे. साडेचार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे काहीतरी झालंय हे तू ओळखणारच. फोन करत नाही, कारण फोनवर मला रडू येतं आणि तुला मीटिंग असते.

इथल्या लालबागच्या मेळ्यात पडले. कुणी ढकललं नाही, पाळण्याच्या दोरखंडात पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, टाके पिकले आणि मुक्काम वाढला. सरकारी रुग्णालयात आहे. कुठल्या ते सांगणार नाही. सांगितलं की तू भोपाळहून कुणाला तरी फोन लावशील आणि माझी खाट बदलून घेशील. मला ही खिडकीजवळची खाट आवडली आहे. बायकांचा वॉर्ड, दुसरा मजला, समोर मोठा कडुलिंब.

परवा इथे आग लागली.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. चहा आला, गार झाला, आता पुन्हा लिहिते आहे. तळमजल्यावर बॅटऱ्यांची खोली आहे, तिथे पेटलं. भोंगा वाजला. आमच्या सुरभी सिस्टर खुर्चीवरून उठल्या, जाताना माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "घबराना मत माताजी, ड्रिल है." त्यांच्यामागून डॉक्टर, आया, वॉर्डबॉय, सगळे जिन्याने खाली गेले. आम्ही मुळीच घाबरलो नाही. मी तर मजा बघायला उशी पाठीशी घेऊन बसले.

खाली कडुलिंबाखाली सगळे रांगा करून उभे राहिले. इतक्या सुंदर रांगा की शाळेत तीस वर्षं मुलींना शिकवून मला कधी लावता आल्या नाहीत. कुणीतरी नावं पुकारत होतं. आणि माझ्या पाठीमागे, दाराच्या फटीतून, धूर आत येत होता.

मी खिडकीतून टॉवेल हलवला. खालून त्यांनी हात हलवला. हसून हलवला रे. एकीने तर ओढणी हलवली.

यशोधन, मी वेडी झालेली नाही. मी ते पाहिलं. अख्खं रुग्णालय खाली उभं होतं आणि आजारी माणसं तेवढी वर होती. ज्यांना चालता येत होतं ती भिंत धरून बाहेर पडली. आम्ही पाच-सहा जणी खाटांवर तशाच. मी पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत होते की माझीच काहीतरी चूक होते आहे, इतकी शिकलेली माणसं असं करणार नाहीत, आता येतीलच.

आले. उशिरा आले, पण आले. सगळे सुखरूप आहेत. तू काळजी करू नकोस. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोळा लागत नव्हता, आणि असल्या गोष्टी कळणारं माणूस मला दुसरं माहीत नाही.

आई


२२ नोव्हेंबर

चि. यशोधन,

आपल्या घराशेजारची संहिता भेटायला आली होती, तिच्या फोनवर आलेला तुझा मेसेज तिने मला वाचून दाखवला. "आईला काळजी घ्यायला सांगा. कुठलं हॉस्पिटल?" दोनच वाक्यं, पण तू लगेच पाठवलास. संहिताला मी सांगितलं की उत्तर देऊ नकोस, मी लिहिते.

मला आधी नीट सांगू दे. गेल्या पत्रात मी घाबरलेली होते, सगळं उलटसुलट लिहिलं.

इथे दर काही महिन्यांनी ड्रिल होते. आग लागली तर काय करायचं त्याची रंगीत तालीम. मी दाखल झाले त्याच आठवड्यात एक झाली, ती मी खिडकीतून पाहिली. नर्सिंगच्या मुली पेशंट होतात. डोक्याला पट्टी, पट्टीवर लाल शाई. त्या स्ट्रेचरवर झोपतात, वॉर्डबॉय त्यांना उचलून खाली नेतात, आणि मुली हसू आवरत कण्हतात. वॉर्डाबाहेर भिंतीत ऑक्सिजनचा वॉल्व आहे. आग असेल तिथे ऑक्सिजन नको, म्हणून सगळे पेशंट हलवले की तो बंद करायचा असतो. ड्रिलमध्ये सुरभी सिस्टर त्यावर नुसता हात ठेवतात आणि मोठ्याने म्हणतात, "ऑक्सिजन बंद!" मग कडुलिंबाखाली मोजणी, बॅनर धरून फोटो, आणि नंतर पोहे-जलेबी. इंदूरच ते, पोह्याशिवाय आगसुद्धा विझायची नाही. वर आम्हालाही एकेक प्लेट येते. आम्ही खिडकीतून हात हलवतो, खालचेही हलवतात. सगळे खूश.

माझ्या बाजूला आठ नंबरच्या खाटेवर नीरजाताई असायच्या. अंगणवाडीत आयुष्य गेलेलं, फुप्फुसं कामातून गेलेली, नाकाला कायम नळी. त्या दिवशी पोहे खाताना मी त्यांना विचारलं, "खऱ्या पेशंटना का नाही हो हलवत?"

"अहो, मी पण बोलली होती सिस्टरला," त्या म्हणाल्या. "तर ती बोलली, माताजी, तुम्हाला बेकार में तकलीफ कशाला? कुणी पडलं-बिडलं तर कंप्लेंट होते. चांगली आहे हो ती, दिलाने करते सगळं."

खरंच चांगल्या आहेत. म्हणून तर माझं डोकं चालेनासं झालंय. यात वाईट माणूस कोण, ते मला सापडत नाही.

आगीच्या दिवशी भोंगा वाजला आणि सगळ्यांच्या पायांनी ड्रिल केली. सुरभी सिस्टर दाराबाहेर गेल्या, जिन्यात त्यांना खरा धूर दिसला, आणि त्यांनी वॉल्व नुसता शिवला नाही, खरोखर फिरवला. प्लॅनप्रमाणे बरोबरच होतं. पेशंट हलवले की वॉल्व बंद. फक्त पेशंट हलवायचे असतात हे कुणाच्या हातापायांना ठाऊक नव्हतं. ते काम नेहमी नर्सिंगच्या मुलींवर व्हायचं, आणि मुली त्या दिवशी कॉलेजात होत्या.

नीरजाताईंची नळी एकदम गप्प झाली. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला उठता येत नव्हतं, यशोधन.

तेवढ्यात बाथरूमच्या बाजूने एक पोरगी आली, हातात चादरींचा ढीग. श्रेया. नवी नर्स, आदल्याच दिवशी रुजू झालेली. तिचं ट्रेनिंग पुढच्या सोमवारी होतं. भोंगा वाजला की कुठे जायचं हेच तिला माहीत नव्हतं, कडुलिंबाचं तर नावही नव्हतं ऐकलं. "बाकी सब कहाँ हैं?" तिने मला विचारलं. मी खिडकीकडे बोट दाखवलं. तिने खाली पाहिलं, तोंडावर हात ठेवला, आणि मग ती खिडकीशी पुन्हा गेली नाही. दार घट्ट लावलं, ओल्या चादरी फटीत कोंबल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या, कपाटातून ती हाताने दाबायची रबरी पिशवी काढली आणि नीरजाताईंच्या तोंडावर मास्क धरून दाबत बसली. खोकत होती आणि दाबत होती. मला म्हणाली, "माताजी, आप बस चिल्लाते रहो." मी ओरडत राहिले. शाळेतला सगळा आवाज काढला. भोंग्यापुढे काय चालणार तो.

आणि मग ते वर कसे आले, माहीत आहे? आमच्यासाठी नाही आले. खाली मोजणीत एक कमी भरली. त्याच सकाळी श्रेयाचं नाव हजेरीत चढलं होतं. नाव पुकारलं, उत्तर नाही. प्रशासक प्रणवजी ओरडले, "एक कम है, ऊपर देखो!" श्रेयाला शोधायला दोघे वर धावले आणि त्यांना आम्ही सापडलो. दारात उभं राहून त्यांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही आत्ताच आकाशातून पडलो.

नाव चढायला एक दिवस उशीर झाला असता तर हे पत्र तुला आलं नसतं.

नीरजाताईंना अतिदक्षता विभागात नेलं आहे. बऱ्या आहेत म्हणतात.

आता एक सांगते, ते गेल्या पत्रात लपवलं होतं. व्यायामाला नेताना मला रोज त्या जिन्यासमोरून नेतात. तिथे काचेत लावलेला मोठा फलक आहे: आपत्ती नियोजन, पायरी एक, पायरी दोन. खाली कोपऱ्यात तो प्लॅन लिहिणाऱ्याचं नाव. पहिल्या दिवशी मला चष्म्याशिवाय फक्त मधला शब्द वाचता आला. पांडुरंग. मला वाटलं, तुझ्या बाबांचं नाव इथे भिंतीवर कशाला? दुसऱ्या दिवशी चष्मा लावून गेले. यशोधन पांडुरंग पागे.

आता कळलं ना, कुठल्या रुग्णालयात आहे ते?

आई


३० नोव्हेंबर

यशोधन,

तुझ्याकडून काहीच नाही. मेसेजसुद्धा नाही. समजू शकते.

मी तुला खोटं लिहिलं. नीरजाताई त्याच संध्याकाळी गेल्या. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा आठ नंबरची गादी उन्हात घातलेली मला दिसत होती, आणि तरी मी लिहिलं, सगळे सुखरूप. दुसऱ्यातही तेच. मला वाटलं, हळूहळू सांगू. पण हळूहळू सांगायला आता वेळ नाही.

काल प्रणवजी राउंडला आले. माणूस भला आहे, खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "माताजी, आपके लिए तो खुशखबरी है. रिपोर्ट बहुत अच्छी गई है. पूरा स्टाफ चार मिनट में नीचे. अब यही प्लान सब जिलों में लगेगा." मी विचारलं, आणि नीरजाताई? ते म्हणाले, त्यांचं जुनंच दुखणं होतं, तसंच लिहिलंय. हे बोलताना ते माझ्या बेडपॅनकडे बघत होते. मग मी विचारलं, श्रेया दिसत नाही ती? तिला निलंबित केलंय म्हणाले. जमायच्या जागी गैरहजर राहिली, मोजणी बिघडवली. शंभरातले नव्व्याण्णव हजर आणि ही एक नाही, म्हणून रिपोर्टला डाग लागला.

मी हसले. खरंच हसले, जोरात. शेजारच्या बायका घाबरल्या. आया धावत आली. तुझ्या प्लॅनचं ज्या एकीला शिक्षण मिळालं नव्हतं तेवढी एकटी थांबली, आणि शिक्षा तिलाच.

सुरभी सिस्टर रोज येतात, गोळ्या देतात. परवा माझं इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "माताजी, मैंने तो सही किया था ना? पहले पेशंट, फिर वॉल्व?" मी म्हटलं, हो बाळा. त्या रडल्या नाहीत. इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे गेल्या.

आता तुझ्याशी बोलते. तू हा प्लॅन का लिहिलास ते मला माहीत आहे. तू सांगितलं नाहीस तरी आई आहे मी. एकवीस सालच्या एप्रिलात, कोरोनात, तू इथेच कंट्रोल रूममध्ये बसून शहरभर सिलिंडर पाठवत होतास, आणि तुझे बाबा विजय नगरच्या एका हॉस्पिटलात श्वासासाठी तडफडत होते. तू आला नाहीस. आलास तो स्मशानाच्या फाटकाशी, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता कशाला आलास? जा, मोजत बस सिलिंडर." तू गेलास तो गेलासच. भोपाळला गेलास आणि त्यानंतर त्या कंपनीत हेच काम धरलंस, रुग्णालयांना असे प्लॅन लिहून द्यायचं. पुन्हा कुणाचा बाप ऑक्सिजनवाचून जाऊ नये म्हणून. बरोबर ना? आणि तुझ्या त्या फलकासमोर नीरजाताईंचा ऑक्सिजन आपल्याच माणसांनी बंद केला.

हे वाचून तुला काय होईल ते मला कळतं आहे. तुला दुखवायला लिहीत नाही. श्रेयाची नोकरी जाते आहे, आणि हा प्लॅन असाच्या असा सगळ्या जिल्ह्यांत निघाला आहे. प्रणवजी म्हणाले, शेवटची सही तुझी.

सही करण्याआधी एकदा इथे ये. मला भेटू नकोस हवं तर. वॉर्डात ये.

आई


१६ डिसेंबर

चि. यशोधन,

उद्या मला घरी सोडणार आहेत. संहिता गाडी घेऊन येईल. राजवाड्याच्या बाजूने नको गं म्हटलं, खड्ड्यांत माझा खुबा पुन्हा सुटा होईल.

आधी बातम्या देते, मग जे लिहायला बसले ते. श्रेया काल कामावर आली. तिने वॉर्डात पाय ठेवल्या ठेवल्या सुरभी सिस्टरनी तिचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. कडुलिंबाखालची मोजणी आता बंद झाली. मोजायचं ते खाटांपासून, आणि शेवटची खाट रिकामी झाल्याशिवाय वॉल्वला हात नाही. परवा मला स्वतःला चादरीच्या झोळीतून जिन्यावरून खाली नेलं. चौघे वॉर्डबॉय घामाघूम. एक दुसऱ्याला म्हणाला, "भिया, माताजी में वजन है!" मी म्हटलं, पोहे तुमचेच आहेत रे. खाली एक म्हातारी घाबरून रडली, एकीचं सलाइन निघालं, प्रणवजींकडे दोन तक्रारी गेल्या. ते डोक्याला हात लावून बसले, पण त्यांनी ड्रिल थांबवली नाही.

तू तुझ्या रिपोर्टात काय लिहिलंस तेही मला कळलं. "प्लॅन सदोष, लेखक मी." नीरजाताईंच्या नावापुढचं "जुनं दुखणं" काढायला लावलंस. आता तुझ्या कंपनीत तुझं काय होईल, मला माहीत नाही. तू सांगत नाहीस, मी विचारत नाही.

पण मला लिहायचंय ते तू आलास त्या सकाळबद्दल.

तू वॉर्डात आलास तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. पावलं ओळखली. मला वाटलं, येईल, पाया पडेल, मग मी काय बोलू? तू माझ्याकडे आला नाहीस. आधी सिस्टरना विचारलंस, आज ऑक्सिजनवर कुणी नाही ना? वॉल्वच्या पेटीला कुलूप घातलंस, किल्ली खिशात टाकलीस. मग बूट काढलेस आणि आठ नंबरच्या खाटेवर येऊन आडवा झालास. चांगल्या इस्त्रीच्या शर्टात. चादर गळ्यापर्यंत ओढलीस. मला वाटलं, पोराला भोवळ आली.

आणि भोंगा वाजला. तूच वाजवायला सांगितला होतास, ते मला मागाहून कळलं.

तुला आठवतंय ना? मला जन्मभर आठवेल. एवढं सगळं होऊन गेलं होतं. नीरजाताई गेल्या होत्या, प्रणवजींनी "सबसे पहले पेशंट" असा नवा फलकही लावला होता. तरी एक सिस्टर उठली, तुझ्या आणि माझ्या मधून जाता जाता हसून म्हणाली, "घबराना मत, ड्रिल है." तिच्यामागे दुसरी. त्यांच्यामागे वॉर्डबॉय. सुरभी सिस्टर दारापर्यंत गेल्या, थबकल्या, मागे वळून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता येतात. प्रणवजींनी जिन्यातून हाक मारली आणि त्या गेल्या.

वॉर्डात खाटांवरची माणसं तेवढी उरली. तू छताकडे बघत होतास. मी तुझ्याकडे. चार-साडेचार वर्षांत पहिल्यांदा तुला इतका वेळ बघितलं. कानाजवळ पांढरे झालेत तुझे केस. बाबांचेही तिथूनच झाले होते. आपण दोघं तसेच पडून राहिलो, मध्ये एक स्टूल आणि पाण्याची बाटली. भोंगा थांबला. खिडकीतून मोजणी ऐकू यायला लागली, एकेक नाव, एकेक "हाज़िर". मग प्रणवजींचा आवाज आला, "सब पूरे हैं!" आणि टाळ्या.

तू माझ्याकडे मान वळवलीस आणि अगदी लहानपणी तापात विचारायचास तशा आवाजात विचारलंस, "आई, कुणी येत नाहीये का गं?"

मी म्हटलं, "नाही रे. त्यांची मोजणी पूर्ण झाली."

त्यानंतर तू उठलास, बूट न घालताच खाली गेलास, आणि पुढे काय काय केलंस ते वर लिहिलंच आहे. जाताना माझ्या पायाला हात लावलास. तेव्हा जे बोलायचं होतं ते आज लिहिते, कारण समोर असतास तर पुन्हा जमलं नसतं.

शेवटच्या दिवशी बाबांनी मला हेच विचारलं होतं. "यशोधन येतोय का?" मी त्यांना सांगितलं, निघालाय, पोचेलच एवढ्यात. ते तेवढ्यावर शांत झाले, आणि तसेच गेले. तू आला नाहीस म्हणून ते दुःखात गेले असं तुला इतकी वर्षं वाटत असेल तर तसं नाही. त्यांच्यासाठी तू वाटेत होतास.

उद्या मी घरी असेन. जिना मला चढता येत नाही, वर न्यायला कुणीतरी लागेल.

आई